तीन सुरांची वर्दी

ह्यांची गुळाची तुला सकाळी दहाला व्हायची, ती साडेअकराला झाली. हजार पुनवा बघितलेला मानूस, चोवीस वर्सं पलटनीच्या बँडात ट्रम्पेट फुकलेला, आन तराजूत बसायला भ्याला. म्हनले, मला गुळासंगं मोजू नका, मुंग्या लागतील. शेवटी आमच्या थोरल्यानं, बाळासोनं, फौजी आवाज लावला तवा बसले. एकावन्न किलो गूळ लागला. मी शेजारच्या आळीत साठ सांगितला. नवऱ्याचं वजन कुनी कमी सांगतं व्हय?

मांडवात गूळ वाटला, सोयरेधायरे पंगतीला बसले, औंधास्नं आलेल्या गुरवानं देवीचा अंगारा लावला. समदं झ्याक चाललं व्हतं. आन माजघरात मातूर घरच्या मानसांचं भांडान पेटलं. भांडान शेताचं न्हवतं, ऊसतोडीचं न्हवतं. एका नावाचं व्हतं.

विश्वजीत, बाळासोचा ल्योक, सांगलीला कॉलेजात मशिनीचं शिकवतो. पन त्येचा जीव जॅझमधी. ते काय असतं म्हनून मी त्येला एकदा इचारलं, तर म्हनला, आजी, गाणं सगळ्यांना माहीत असतं, पण ज्याची पाळी येते तो ते आपल्या मनानं वाढवून सांगतो. मी म्हटलं, मग मी जलमभर जॅझच करतीया की रं.

त्येच्या सांगलीच्या घरात एक खोली नुसती काळ्या तबकड्यांची हाय. दर ऐतवारी चार-पाच जन जमत्यात, हा तबकडी लावतो, डोळं मिटतो, आन संपली की न्यायाधीशावानी निकाल देतो. आर्मस्ट्राँग ट्रम्पेटमधनं हसतो. माइल्स डेव्हिस जे वाजवत न्हाई तेच कान देऊन ऐकायचं. अमका लय पळतो, त्येला पानी पाजा. स्टुडिओत धा वेळा घासून-पुसून केलेल्या रेकॉर्डीपरास जिच्यात मागं कपबशा वाजत्यात ती खरी. मला त्यातलं आर्मस्ट्राँगचं तेवढं पटलं. गाताना आवाज थेट आमच्या म्हशीच्या दलालावानी, पन मन निर्मळ.

तर सदुसष्ट साली कलकत्त्याला एक रेकॉर्ड झाली व्हती. तिथल्या एका हॉटेलात वाजिवनाऱ्या मंडळींची. पाकिटावर समद्यांची नावं हायत. पियानो कोन, ड्रम कोन, समदं. ट्रम्पेटफुडं मातूर नुसतं ‘एक मित्र’. ती रेकॉर्ड आता नव्यानं निघनार व्हती, आन देशभरच्या जॅझवाल्यांनी पाकिटावरचा मजकूर लिवायचं काम आमच्या विश्वजीतला दिलं व्हतं. मजकूर तुलेच्याच दिवशी पाचपतुर धाडायचा व्हता. पाचनंतर छापायला जानार.

आन त्यो ‘एक मित्र’ कोन, हे मला आठ वर्सांपास्नं ठावं व्हतं.

आठ वर्सांमागं डोळ्याच्या आपरेशनला मी सांगलीला ऱ्हायले व्हते. डोळ्यास्नी पट्टी, नुसते कान उघडे. विश्वजीतनं ती रेकॉर्ड लावली. आधी पियानो कुटकुटला, मग ट्रम्पेटनं तीन सूर काढले. दोन वर चढले, तिसरा जरा खाली घसरला. मी खाटंवरनं उठले आन भिंत चाचपत निघाले. विश्वजीत म्हनला, आजी, कुठं? मी म्हटलं, तवा टाकते. तुझा आबा आला.

रजेवर येताना हे एसटीतनं कालव्याजवळ उतरायचे आन तिथनंच तीन सूर मारायचे. घरात मला ऐकू यायचे. मी पिठात हात घालायची. हे उंबऱ्यात पाय ठेवस्तवर पहिली भाकरी फुगलेली असायची. नोकरी संपस्तवर असंच चाललं. ते सूर मी झोपंत वळखीन, तापात वळखीन.

त्या दिवशी विश्वजीत हसला व्हता. तुलेच्या दिवशीबी माजघरात मी तेच म्हटलं आन त्यो तसाच हसला.

“त्या मित्राचं नाव लालासाहेब इंगवले हाय,” मी म्हटलं. “ल्ही गुमान.”

“आजी, आबांनी ट्रम्पेट वाजवून आटपाडीला पाऊस पाडला म्हणून तूच सांगतेस ना?”

“पाडला.”

“आणि काश्मीरात अस्वलानं आबांचा पुढचा दात तोडला.”

“अर्धाच तोडला. मी कवा पुरा म्हटलं?”

त्येनं कपाळाला हात लावला. मग फोनवरनं त्यानं लिवलेलं वाचून दाखवलं. ट्रम्पेटवाला कोण ते कळत नाही. सुरुवातीचे तीन सूर कच्चे आहेत, तिसरा तर सरळ पडलाय, बहुधा ओठ तापले नव्हते. मात्र पुढची दीड मिनिटं ऐकताना वाटतं, आपल्याकडं त्या काळात इतकं मोकळं कुणी वाजवलं नसेल.

म्हंजे एका दमात माझ्या नवऱ्याला चापट बी मारली आन हार बी घातला. मला राग धरावा का छाती फुगवावी कळंना.

अंजना, माझी ल्येक, जतला दिलेली. तिकडं पान्याचा टँकर आला की रांगंत जी भांडती तीच फुडं जाती, तवा तिची जीभ तशी झालीया. ती माझ्या बाजूनं उभी ऱ्हायली. म्हनली, “आई थापा मारती खरं, पन भाकरीच्या बाबतीत ती थाप मारत न्हाई. घाल रं आबांचं नाव. छापून आलं तर जतला घराघरांत दाखवीन.”

बाळासो दारात उभा व्हता. त्यो म्हनला, “न्हाई घालायचं.”

आता बाळासोच्या पोटात काय व्हतं ते मी सांगते. त्येला मी जलम दिलाय, तवा मला कसं कळलं म्हनून कुनी इचारू नगा. त्यो बापाच्याच पलटनीत भरती झाला. पहिल्या वर्सी पोरं त्येला ‘बाजेवाले का लडका’ म्हनायची. बँडवाला काय लढतो, असं हसायची. त्यो कुनाशी भांडला न्हाई. एवढंच सांगितलं, एकाहत्तरला गोळ्या चालू असताना जखमी जवान कुनी खांद्यावरनं आनले ते इचारा. बँडवाल्यांनी. माझ्या बापानं. मग पोरं गप झाली. तवापास्नं बापाचं सर्विस बुक त्यो देवाच्या पोथीवानी जपतो. त्यात एक लाल शेरा न्हाई.

“फौजेतला मानूस परवानगीबगर भाईर वाजवत नसतो,” त्यो विश्वजीतला म्हनला. “आजीचं खोटं असलं तर पाकिटावर खोटं छापलं जाईल. खरं असलं तर आबांनी कायदा मोडला हे छापलं जाईल. दोन्हीत काय मिळालं?”

“पप्पा, मी घालतच नाही,” विश्वजीत म्हनला. “पुरावा नाही.”

“पुरावा भाईर गूळ खात बसलाय,” अंजना म्हनली. “त्येलाच इचारू.”

हे मांडवात खुर्चीवर बसले व्हते. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, म्हनून आपल्याच तुलेचा गूळ पंच्याखाली धरून चोरून खात व्हते. अंजनानं खुर्ची फुडं वढली आन सरळ इचारलं, आबा, कलकत्त्याच्या त्या रेकॉर्डीत तुमी वाजवलंय का?

ह्यांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग बाळासोकडं, मग माझ्याकडं. माझ्याकडं लय येळ बघितलं.

“मी न्हवं,” म्हनले. “राहीला तबकड्यातलं काय कळतंय.”

आन गूळ गालात सारला.

अंजना उठली आन भावाशेजारी जाऊन उभी ऱ्हायली. मला म्हनली, आजच्या दिवशी तरी थाप मारायची न्हाईस गं आई. बाळासोनं मोकळा श्वास सोडला. मी एकटीच अलीकडं ऱ्हायले. साठ वर्सं ह्या घरात मी गोष्टी सांगितल्या. कुनी खोटारडी म्हटलं तर मी आनि एक रंगवून सांगायची. कवा लागलं न्हवतं. त्या दिवशी लागलं. समदी माझी गंमत आन ती एकच गोष्ट खरी, आन ज्याची गोष्ट त्योच न्हाई म्हनतो.

विश्वजीतला माझी दया आली, ती त्येच्या डोळ्यांत दिसली. पन आतनं बरं बी वाटलं असनार त्येला. जॅझवाल्यांच्यात त्येच्या कानाला मान हाय. आजीच्या सांगन्यावरनं आजोबाचं नाव घुसवलं असं कुनी म्हटलं असतं तर त्यो मान गेला असता. साडेतीन वाजले व्हते. त्यो मांडवाच्या खांबाला टेकला, मजकूर शेवटचा वाचला, आन धाडायला अंगठा वर केला.

तेवढ्यात वेशीवर बँडची गाडी थांबली.

धोंडिराम ह्यांचा पहिला चेला. पलटनीतनं आल्यावर ह्यांनी त्येला ट्रम्पेट शिकवलं आन त्येनं बँड काढला. त्यो दोन वर्सांमागं गेला. आता त्येची नात आम्रपाली बँड चालवती. पंधरा गडी, निळा कोट, आन गाडीचं ष्टेरिंग बी तिच्याच हातात. मोठ्या उस्तादांना मानवंदना द्यायची म्हनून तिनं लगीनसराईतली एक सुपारी सोडली व्हती.

पोरीनं हजार लग्नं वाजवली असतील, पन त्या दिवशी तिचे ओठ वाळले व्हते. गाडीतच ती तीनदा पानी प्याली. ज्या मानसाचा फोटू घरात बाबासाहेबांच्या फोटूच्या बाजूच्या भिंतीवर आजोबानं लावलेला, त्येच्याफुडं पहिल्यांदाच वाजवायचं व्हतं. ती मांडवात शिरली न्हाई. फाटकाभाईरच थांबली, घराकडं तोंड केलं, ट्रम्पेट उचललं.

दोन सूर वर. तिसरा घसरत खाली.

विश्वजीतचा अंगठा हवेत ऱ्हायला.

हे सूर त्येनं ल्हानपनापास्नं ऐकल्यात. ह्या भागात कुनाचं बी लगीन असू दे, धोंडिरामचा बँड आधी ह्येच तीन वाजवायचा, मग वरात. पन ते ऐकायचा कान त्येनं गावात ठेवला आन सांगलीला जाताना दुसरा कान घेऊन गेला. एका कानानं लग्नं ऐकली, दुसऱ्यानं रेकॉर्डी. दोन्ही कानांची गाठ कवा पडली न्हवती. ती त्या फाटकाशी पडली.

त्यो चालत गेला आन म्हनला, “परत वाजव.”

आम्रपालीनं वाजवलं.

“तिसरा का पडतो?”

पोरगी तापली. “पडत न्हाई, पाडतीया मी. वळख न्हाई पाळख न्हाई, चुका काढताय व्हय?”

“चुका नाही काढत. कुणी शिकवलं तुला हे?”

“आमच्या दादांनी. आन दादास्नी उस्तादांनी. कुनाच्या दारात जायच्या आधी वर्दी द्यायची, मंग पाय टाकायचा. दादांनी दोन म्हैनं मला ह्येच तीन सूर घोटायला लावलं. तिसरा सरळ आला की म्हनायचे, ही उस्तादांची वर्दी न्हाई, एसटीचा हॉर्न हाय. परत काढ.”

विश्वजीतनं फोन मांडवातल्या भोंग्याच्या पेटीला जोडला आन रेकॉर्ड लावली. पियानो कुटकुटला. मग कलकत्त्यातनं, सत्तावन्न वर्सांपल्याडनं, तीन सूर आले. दोन वर. तिसरा घसरत खाली.

आम्रपालीनं पायातल्या चपला काढल्या.

“हे उस्ताद,” ती म्हनली. तिनं इचारलं न्हाई, सांगितलं. मागच्या पंधरा गड्यांनी माना हलवल्या. एक म्हातारा हलगीवाला तर म्हनला, ह्यात इचारायचं काय, आमी रोजच ऐकतोय.

मग फुडली दीड मिनिटं मांडवात कुनी वाढलं न्हाई, कुनी जेवलं न्हाई. मला जॅझ कळत न्हाई. पन एकटा मानूस लांबच्या गावात बसून घरची एकेक वस्तू नाव घेऊन आठवतोय, तसं मला ऐकू आलं. कालवा, बांध, आमची तांबडी गाय. ह्यांची गूळ चघळनारी हनुवटी हलायची थांबली व्हती. ट्रम्पेट वर गेलं, आनि वर गेलं, आन मधीच पियानो घुसला.

“घाई केली त्येनं,” हे म्हनले. “माझी अजून दोन वळनं व्हती.”

समद्यांच्या माना ह्यांच्याकडं वळल्या.

ह्यांच्या ध्यानात आलं. हातातला गूळ पंच्याखाली सारला, जनू काय चोरी तीच व्हती.

बाळासो फुडं आला. “आबा, मगाशी न्हाई का म्हनालात?”

“शब्द दिलाय,” हे म्हनले. “आमच्या बँडमास्तरनं नेलं व्हतं मला. त्या हॉटेलवाल्यांचा ट्रम्पेटवाला तापानं पडला व्हता. कळलं असतं तर मास्तरची नोकरी गेली असती. मी म्हटलं, ह्या तोंडातनं नाव निघनार न्हाई. मास्तर ऱ्हायला न्हाई, पन शब्द हाय की.”

“मग आता मी काय करू?” विश्वजीत म्हनला. त्येचा आवाज ल्हान पोरावानी झाला व्हता.

“मी सांगनार न्हाई,” हे म्हनले. “तू मोठा कानवाला हायेस. तुझा कान काय सांगतो ते ल्ही.”

विश्वजीतनं बापाकडं बघितलं. समद्यांनीच बघितलं. कायदा त्येच्याकडं व्हता, सर्विस बुक त्येच्याकडं व्हतं. बाळासो उभ्या उभ्या ताठ झाला. त्येच्या टाचा जुळल्या. बापाला त्येनं शेवटचा सॅल्यूट कवा केला व्हता मला आठवत न्हाई. त्या दिवशी केला. पायात चप्पल, कमरंला वाढप्याचा टॉवेल, तसाच.

“ल्ही,” त्यो म्हनला. “नायक लालासाहेब इंगवले. नंबर घाल. पलटनीचा बँड घाल. गावाचं नाव घाल. अर्धवट काय नगं.”

“पप्पा, कायदा?”

“सत्तावन्न वर्सांनी कोन इचारायला आला तर माझ्याकडं धाड. त्येला आधी रेकॉर्ड ऐकवतो. मग बोलू.”

अंजना कवाच माझ्या कुशीला येऊन चिकटली व्हती. आधीपास्नं माझ्याच बाजूनं असल्यागत. जतला ती ह्या गोष्टीत पहिल्यापास्नं माझ्याच बाजूनं असनार, हे मला ठावं हाय, आन मीबी मान हलवनार.

विश्वजीत खांबाला टेकून लिवाय लागला. जुन्या दोन वळी पुसल्या. मग मोठ्यानं वाचलं. सुरुवातीचे तीन सूर कच्चे नाहीत. ते ह्या गाण्यातले नाहीतच. माण-खानापूर भागात लग्नाचा बँड दारात शिरण्याआधी अशी वर्दी देतो. कलकत्त्याच्या स्टुडिओत शिरताना ह्या माणसानं ती आपल्या घराला दिली. मी इतकी वर्षं त्याला चूक म्हणत होतो. चूक माझ्या कानाची होती.

आम्रपाली म्हनली, तिसऱ्या सुराचं बी ल्हिवा की. त्यो का पडतो ते.

“का पडतो, आबा?” विश्वजीतनं इचारलं.

ह्यांनी वरचा ओठ बोटानं वर केला आन अर्धा दात दाखवला. “वारा जातो तिथनं. पैल्यांदा लय झटलो सरळ काढायला. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे, आता वळखीचा झालाय.”

समद्यांनी माझ्याकडं बघितलं. विश्वजीतनं तर फोन खालीच केला.

“आजी, म्हणजे अस्वल खरं?”

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे मान खाली घालून गूळ शोधत व्हते. काय बोलनार न्हवते. कारन तो बी शब्द दिला व्हता, मला, साठ वर्सांमागं. बघा, मानूस कसा हाय. मास्तरचा शब्द पाळला तसा बायकूचा बी पाळला. मग मलाच वाटलं, आज हजार पुनवांचा दिस हाय, ह्यांच्या पाकिटावर समदं खरं ऱ्हाऊ दे.

“अस्वल न्हवतं,” मी म्हटलं. “मी व्हते.”

लगनानंतरची ह्यांची पहिलीच रजा. सांगावा न्हाई, कागुद न्हाई. भर दुपारी घरात मी एकटी चुलीपाशी. हे मागच्या दारानं गपचिप आले, मला दचकवायला. मला वाटलं चोर. हाताशी पानी भरलेला तांब्या व्हता. मी मागं न बघता हानला. तोंडावरच बसला. मानूस खाली बसला, तोंडातनं रगात, आन म्हनतो कसा, राही, मी हाय गं. मी रडले, त्येच्या पाया पडले, म्हटलं कुनाला सांगू नगा, नव्या नवरीनं नवऱ्याचा दात पाडला म्हनून जत्रंत माझं पोवाडं गातील. ह्यांनी शब्द दिला. गावात अस्वल मीच सोडलं. फुडच्या रजेपास्नं हे कालव्यावरनंच वर्दी द्यायला लागले. ‘आलोय, तांब्या खाली ठेव.’ तीन सुरांत एवढंच असायचं.

आधी आम्रपाली हसली, आन मग बाळासो, ज्येला मी त्येच्या लगनात बी हसताना बघितला न्हवता.

मी आत गेले, फळीवरचा तांब्या आनला. त्येला अजून पोचा हाय. विश्वजीतनं त्यो हातात घेतला, पोच्यावर अंगठा फिरवला, आन माझ्याकडं बघितलं. ह्या बारीला त्येच्या डोळ्यांत दया न्हवती. ऐतवारी तबकडी हातात घेताना त्यो जसा बघतो, तसा बघत व्हता.

पाचला धा मिनिटं कमी व्हती. त्येनं खाली बसून नावांची यादी नीट केली. पियानो, त्येचं नाव. ड्रम, त्येचं नाव. ट्रम्पेट, नायक लालासाहेब इंगवले, नंबरासकट.

मी त्येच्या खांद्यावर वाकले आन म्हटलं, “खाली आनि एक वळ हाय.”

त्येनं एकदा ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हनले, “ल्ही. तिच्याबगर त्यो सूर आलाच नसता.”

मग त्येनं लिवलं. आता ती रेकॉर्ड देशात जिथं कुठं जाईल, तिथं पाकिटाच्या मागं शेवटच्या वळीवर हाय. चष्मा लावून बघा.

तांब्या : राहीबाई इंगवले.